फाशीच्या आधी पंचनामा

ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या चिमुरड्या मुलींवरच्या लैंगिक अत्याचारानंतर बदलापुरात लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले तेव्हा मागणी एकच होती: फाशी द्या, आणि आत्ता द्या. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. मुंबईत ‘बदला पूरा’चे फलक झळकले आणि चर्चेत दोन तट पडले. एक म्हणे, बरं झालं, कोर्टाने वीस वर्षं घोळ घातला असता. दुसरा म्हणे, कायद्याचं राज्य बुडालं. या गदारोळात ज्या गोष्टींवर खरा खटला उभा राहिला असता त्या मागे पडल्या. तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास का ताटकळावं लागलं? शाळेतलं सीसीटीव्ही चित्रण गेलं कुठे? आरोपी मेला म्हणजे त्याच्यावरचा खटला संपला, आणि खटला संपला म्हणजे त्या पुराव्याची उलटतपासणीही कायमची राहिली.

प्रत्येक गाजलेल्या गुन्ह्यानंतर आपण शिक्षा किती, यावर भांडतो. वास्तविक तो खटल्यातला सगळ्यात शेवटचा प्रश्न. दोष सिद्ध झाला तरच तो विचारायचा असतो, आणि दोष सिद्ध होणार की नाही हे बहुतेक खटल्यांत घटनेनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत ठरून गेलेलं असतं: ठाणे अंमलदाराच्या टेबलावर, घटनास्थळी, मुद्देमालाच्या खोलीत. न्यायाधीशासमोर येईपर्यंत जे बिघडायचं ते बिघडलेलं असतं. म्हणून माझं म्हणणं असं, की शिक्षा वाढवण्याची प्रत्येक मागणी ही नकळत तपास यंत्रणेला दिलेली सूट आहे. सरकारला विधेयक मांडणं स्वस्त पडतं, ठाण्यात माणसं आणि प्रयोगशाळेत तज्ज्ञ नेमणं महाग पडतं.

संतापणाऱ्या लोकांना मूर्ख ठरवणं सोपं आहे, पण ते खरं नाही. ऑगस्ट २००४ मध्ये नागपूरच्या जिल्हा न्यायालयात कस्तुरबानगरच्या बायकांच्या जमावाने एका गुंडाला ठार केलं. वर्षानुवर्षं त्याच्या तक्रारी करूनही हाती काही लागलं नव्हतं, त्यानंतरची ही गोष्ट. त्या जमावाला कायद्याचं प्रवचन देण्याआधी त्यांच्या तक्रारींचं काय झालं याचा हिशेब द्यावा लागतो. कायदा बदलून काहीच होत नाही, हेही खोटं. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत, म्हणून १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या अत्याचारात ‘संमती नव्हती’ असं स्त्रीने सांगितलं की न्यायालयाने ते गृहीत धरायचं, ही तरतूद तेव्हा आली. पण ही दुरुस्ती पुराव्याच्या नियमात होती, आणि तिचा उपयोग झाला तो त्यामुळेच. पुढच्या दुरुस्त्यांचा भर मात्र शिक्षेच्या वर्षांवर राहिला.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार बलात्काराच्या खटल्यांत दोषसिद्धीचं प्रमाण २०१२ साली २४ टक्क्यांच्या आसपास होतं. त्यानंतर लैंगिक गुन्ह्यांचे कायदे तपासणाऱ्या वर्मा समितीचा अहवाल आला, २०१३ ची दुरुस्ती आली, २०१८ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलींच्या बाबतीत फाशी आली, २०१९ मध्ये पॉक्सोतही, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यातही, आली. २०२२ साली प्रमाण होतं २७ टक्क्यांच्या आसपास. दहा वर्षांत शिक्षा फाशीपर्यंत पोचली आणि दोषसिद्धी तीनेक टक्क्यांनी हलली. चारातले तीन आरोपी सुटणार असतील, तर उरलेल्या एकाला दहा वर्षं द्यायची की फास, याने गुन्हेगाराच्या हिशेबात किती फरक पडतो?

आता हे तीन सुटतात कसे, ते पाहू. मारामारीतून झालेला एक साधा खून घ्या. आरोपी अटकेत असताना म्हणतो, हत्यार लपवलेली जागा दाखवतो. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही. पण त्याने सांगितल्यामुळे जी वस्तू सापडली, तेवढ्यापुरतं त्याचं बोलणं चालतं. हे पुरावा कायद्याचं जुनं कलम २७, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आलेलं. त्यासाठी दोन पंच बोलवायचे, आरोपीचे शब्द त्याच्याच भाषेत उतरवायचे, हा निवेदन पंचनामा. मग पंचांना घेऊन त्या जागी जायचं, आरोपीने स्वतः काढून दिलेलं हत्यार मोजायचं, वर्णन लिहायचं, कागदात गुंडाळायचं, दोरा बांधून लाखेचं सील करायचं, पंचांच्या सह्यांचं लेबल लावायचं. मग मुद्देमाल कारकुनाकडे नोंद, तिथून पत्रासह एका शिपायाच्या हाती न्यायसहायक प्रयोगशाळेकडे रवानगी. तिथून येतो तो सी.ए. रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल.

या साखळीची एकेक कडी पाहा. पंच ठाण्याच्या समोरचा चहावाला असतो, किंवा ज्याने यापूर्वी दहा पंचनाम्यांवर सही केली आहे असा सराईत पंच. बचावाचा वकील पहिल्या पाच मिनिटांत ते बाहेर काढतो. रक्ताने भिजलेले कपडे सावलीत वाळवून कागदात बांधायला हवेत. ते ओलेच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले की बुरशी लागते आणि अहवालात रक्तगट ‘निर्णायक नाही’ असा शेरा येतो. हत्यार जप्त झालं पाच तारखेला आणि प्रयोगशाळेत पोचलं पुढच्या महिन्यात. मधले दिवस ते कुणाच्या ताब्यात होतं हे सांगायला कारकुनाला साक्षीला बोलावलेलंच नसतं, आणि पाकीट नेणाऱ्या शिपायालाही नाही. शेवटी तपासी अंमलदार साक्षीला उभा राहतो आणि म्हणतो, ‘आरोपीच्या निवेदनावरून हत्यार जप्त केलं.’ आरोपी नेमकं काय म्हणाला ते शब्द साक्षीत येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने अलीकडच्या वर्षांत निव्वळ याच कारणाने अशी जप्ती बाजूला ठेवल्याचे निकाल आहेत. आणि पंच? तो सहा वर्षांनी पिंजऱ्यात येऊन सांगतो, सही माझीच आहे साहेब, पण वाचून केली नव्हती, ठाण्यात घेतली. सरकारी वकील त्याला फितूर घोषित करून उलटतपास घेतात. रोजनाम्यात, म्हणजे खटल्याच्या तारीखवार नोंदवहीत, एक ओळ पडते. खून झालेल्याच्या घरच्यांना त्या ओळीचा अर्थ निकालाच्या दिवशी कळतो.

रोजनामा हा आपल्या फौजदारी व्यवस्थेतला सगळ्यात प्रामाणिक दस्तऐवज आहे. उशीर कुठे होतो यावर वाद घालणाऱ्यांनी कुठल्याही जुन्या सत्र खटल्याचा रोजनामा वाचावा. आरोपी हजर केला नाही, कारण तुरुंगातून आणायला पोलीस पार्टी मिळाली नाही. साक्षीदाराचं समन्स बजावून आलं नाही. डॉक्टरांची बदली झाली, नवा पत्ता नाही. सी.ए. रिपोर्ट अप्राप्त. सरकारी वकिलांचा ‘से’ (लेखी म्हणणं) यायचा आहे. बचावाच्या वकिलांचा मुदतीचा अर्ज, मंजूर. न्यायाधीश रजेवर. यातल्या शेवटच्या दोन नोंदींचं खापर न्यायालयावर आणि वकिलांवर फोडावं, जरूर फोडावं. पण बाकीच्या नोंदी? ‘कोर्टाच्या सुट्ट्या’ हा आवडता विषय झाला आहे, आणि उच्च व सर्वोच्च न्यायालयांच्या बाबतीत तो रास्तही आहे. फौजदारी खटले मात्र तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या न्यायालयांत चालतात, आणि तिथला पिंजरा रिकामा राहतो तो सुट्टीमुळे नव्हे. दर दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत, असं विधी आयोगाने १९८७ मध्ये सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ते पाच वर्षांत करा म्हणून बजावलं. आज ती संख्या १५ च्या आसपास रेंगाळते आहे.

मुदतीचं नाटकही याच जातीचं. बलात्काराचा खटला दोषारोपपत्रानंतर शक्यतो दोन महिन्यांत संपवावा, हे २०१३ पासून कायद्यात लिहिलेलं आहे. पॉक्सोत मुलाची साक्ष ३० दिवसांत आणि खटला वर्षात, हेही आहे. तरीही महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ मध्ये ‘शक्ती’ विधेयक मंजूर केलं, त्यात मुदत आणखी आवळली आणि फाशी घातली. ते राष्ट्रपतींच्या संमतीवाचून पडून राहिलं. दोन महिन्यांची मुदत ज्या कारणांनी पाळली जात नाही, ती कारणं एक महिना लिहिल्याने पळून जाणार होती का? उलट तपासाला दमच मिळाला नाही की काय होतं, हे दोषारोपपत्राच्या ९० दिवसांच्या मुदतीवरून कळतं. मुदत चुकली तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, म्हणून दोषारोपपत्र ८८ व्या दिवशी येतं आणि शेवटी लिहिलेलं असतं: प्रयोगशाळेचा अहवाल मागाहून सादर करण्यात येईल.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा: मग या बारीकसारीक त्रुटींवर आरोपीला सोडताच कशाला? सील नीट नव्हतं म्हणून खुनी मोकळा? हा प्रश्न मला फेटाळून लावता येत नाही, कारण दरवर्षी असे खरे गुन्हेगार सुटतातच. पण सील हे सोवळंओवळं नाही. चाकूवरचं रक्त मयताचं आहे आणि ते ठाण्यात लावलेलं नाही, एवढंच सांगायचा तो एकमेव मार्ग आहे. आणि तो मार्ग सोडून दिला की काय घडतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर भीषण हल्ला झाला, पाच जणांचा खून झाला. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर पकडले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी ठोठावली. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सगळं प्रकरण नव्याने पाहिलं आणि सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला राज्याला सांगितलं. घटनेतून वाचलेल्या महिलेने पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळ्याच माणसांचे फोटो ओळखले होते. त्या चौघांवर खटला भरलाच गेला नव्हता. २००९ च्या निकालानंतर फाशी ‘लगेच’ झाली असती, तर ही चूक सांगायलाही कुणी उरलं नसतं. आणि ज्यांनी तो हल्ला केला, त्यांना सोळा वर्षांची मोकळीक मिळाली ती सैल कायद्यामुळे नाही.

जुलै २०२५ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल आले. २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांत विशेष न्यायालयाने दोषी ठरवलेल्या बारा जणांना, त्यात पाच फाशीचे, उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवलं; त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत वापरू नये, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने लगेच तेवढ्यापुरती स्थगिती दिली. मग २००८ च्या मालेगाव स्फोटातले आरोपी विशेष न्यायालयातून सुटले. कोणी कुठल्या निकालावर पेढे वाटले आणि कुठल्यावर छाती पिटली, हे सांगायची गरज नाही. दोन्ही निकालपत्रं शेजारी ठेवून वाचणारे थोडे. एकात ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला तसा अधिकारच नसल्याचं आणि जप्त मालाचं सील नीट राखलं नसल्याचं निघालं. दुसऱ्यात घटनास्थळाचा पंचनामा सदोष, नमुने दूषित, तीसहून अधिक साक्षीदार फितूर. आरोपींचे धर्म वेगळे, सरकारं वेगळी, आजार तोच. लोकलच्या स्फोटांत १८० हून अधिक माणसं गेली. त्यांना कोणी मारलं याचं उत्तर १९ वर्षांनंतरही वादात आहे, आणि आपण भांडतोय कशावर, तर निकाल ‘आपल्या’ बाजूचा की ‘त्यांच्या’.

फाशीने न्याय लवकर होतो, हा तर शुद्ध भ्रम. फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याखेरीज अमलात येत नाही; मग सर्वोच्च न्यायालय, फेरविचार, दयेचा अर्ज. दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणात सत्र न्यायालयाने नऊ महिन्यांत निकाल दिला. फाशी झाली मार्च २०२० मध्ये. पुण्याचं उदाहरण याहून बोलकं. २००७ मध्ये एका कॉल सेंटरच्या कर्मचारी तरुणीचा तिला कामावर सोडणाऱ्या कॅबच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून खून केला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली, २०१७ मध्ये राष्ट्रपतींनी दया नाकारली. आता फक्त तारीख ठरवायची होती. ती ठरली जून २०१९ ची. मधली दोन वर्षं कागद तुरुंग आणि सत्र न्यायालय यांच्यामध्ये पडून होते. या विलंबाबद्दल उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. ज्या यंत्रणेला मंजूर झालेल्या फाशीची तारीख दोन वर्षांत काढता येत नाही, तिच्या हाती आपण आणखी फाश्या सोपवायला निघालो आहोत.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडने हा प्रयोग करून पाहिला होता. दोनशेच्या आसपास गुन्ह्यांना फाशी होती. राहत्या घरातून ४० शिलिंगांचा माल चोरला तरी फास. परिणाम काय झाला? ज्यूरीतली माणसं चोरीच्या मालाची किंमत बिनदिक्कत ३९ शिलिंग ठरवू लागली. शिक्षा झेपेनाशी झाली की माणसं दोषच नाकारतात. आपल्याकडे याचं रूप घरगुती आहे. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असण्याचं प्रमाण ९५ टक्क्यांहून अधिक. काका, शेजारी, शिकवणीचा सर. ‘तू बोललीस तर त्याला फाशी होईल’ हे वाक्य घरातल्या आठ वर्षांच्या मुलीला गप्प करायला पुरेसं असतं, आणि ते सांगणारी बहुतेक वेळा घरचीच असते.

चकमकीच्या समर्थकांना हैदराबाद आठवत असेल. डिसेंबर २०१९ मध्ये एका पशुवैद्य तरुणीवरच्या बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मेले, पोलिसांवर फुलं उधळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. पोलिसांचं कथन विश्वासार्ह नाही आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, असं आयोगाने २०२२ मध्ये नोंदवलं. याच चर्चेत आपल्याकडे हमखास कुणीतरी म्हणतं, ‘आज रामशास्त्री हवे होते.’ राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री लोकांना पाठ असतात. त्याआधी नारायणरावाच्या खुनाची त्यांनी चौकशी केली होती, हे कुणी आठवत नाही. आणि निकाल देऊनही राघोबाला शिक्षा झालीच नाही, हेही नाही.

भारतीय दंड संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या संहितांचं श्रेय द्यायला हवं. १ जुलै २०२४ पासून सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं सक्तीचं झालं. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षं आहेत. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं. हा पंचांच्या सह्यांपेक्षा कितीतरी भक्कम पुरावा आहे, आणि मी वर मांडलेल्या अर्ध्या तक्रारींचं ते उत्तर होऊ शकतं. पण तो अंमलदार चित्रीकरण करणार स्वतःच्या फोनवर, आणि क्लिप पाठवणार व्हॉट्सॲपवरून. तिथे ती आक्रसते, फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिची अंकी ओळखखूण, बदलतं, पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात लिहिलेल्या मूल्याशी जुळत नाही, आणि बचावाच्या वकिलाला नवं लाखेचं सील मिळतं. तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सांगितलं होतं. आजही खुनाचा तपास करणारा उपनिरीक्षक गणपतीत विसर्जनाच्या रांगेत, निवडणुकीत मतपेट्यांशी आणि मंत्र्यांच्या दौऱ्यात रस्त्यावर उभा असतो. केस डायरी रात्री लिहायची.

तेव्हा पुढच्या वेळी मंत्री माइकसमोर ‘खटला फास्ट ट्रॅकवर चालवू आणि फाशीची मागणी करू’ म्हणतील, तेव्हा पत्रकारांनी साधे प्रश्न विचारावेत. तक्रार किती वाजता आली आणि गुन्हा किती वाजता नोंदला? नमुने कुठल्या तारखेला प्रयोगशाळेत पोचले? तपासी अंमलदाराकडे आणखी किती गुन्हे आहेत? सरकारी वकिलाने कागद दोषारोपपत्राआधी पाहिले की सुनावणीच्या सकाळी?

आणि एक मागणी अशी, जिच्यासाठी नवा कायदाही लागत नाही. २००३ मध्ये गुजरातेत सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. तपासातल्या ढिसाळपणामुळे आरोपी सुटला आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही ती सुटका कायम ठेवावी लागली. त्याच निकालात न्यायालयाने सगळ्या राज्यांच्या गृहखात्यांना आदेश दिला: प्रत्येक सुटकेची कारणं तपासा, त्यासाठी पोलीस आणि अभियोग विभागातल्या वरिष्ठांची समिती करा, ज्याच्या चुकीने खटला बुडाला त्या अधिकाऱ्यावर कारवाई करा. मुदत होती सहा महिने. आपल्या जिल्ह्याच्या समितीने गेल्या वर्षी किती सुटका तपासल्या, त्यातल्या किती पंचनाम्यामुळे झाल्या, किती अहवाल उशिरा आल्यामुळे, किती साक्षीदार फुटल्यामुळे आणि किती आरोपी खरोखरच निर्दोष होते म्हणून, हे दरवर्षी एका पानावर छापायला कुणाची संमती लागत नाही. गृहखात्याने ते पान छापावं.